रुमालाखालचा आकडा

हॉस्पिटलातून रुबिना मॅडमचा फोन आला की मी ओळखतो, वॉर्डात कुणीतरी नवीन बाप आलाय आणि भांडतोय. रुबिना मॅडम तिथं समुपदेशक आहेत. कॅन्सर झालेल्या मुलांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलणं हेच त्यांचं काम. मूळच्या म्हसळ्याच्या. आवाज मऊ, पण माघार घेतील तर शपथ. "तनूचे बाबा, वेळ आहे का? एक जण आलेत. मुलाला काही सांगायचं नाही म्हणतात, मला खोलीत पाऊल टाकू देत नाहीत. अगदी तुमच्यासारखे आहेत हो," असं म्हणून हसतात.

मी जातो. सानपाड्याहून खारघर काही लांब नाही. त्या माणसाला खाली नेऊन चहा पाजतो. उपदेश करत नाही, कारण त्या दिवसांत मला कुणी उपदेश करायला आलं असतं तर मी त्याचा चहा त्याच्याच अंगावर ओतला असता. आमचं काय झालं तेवढं सांगतो. पण प्रत्येकापर्यंत जाणं जमत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. लिहायची सवय नाही, गोड मानून घ्या.

माझी मुलगी तनुजा, घरात तनू. दहा वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर झाला. गोळ्या अजून चालू आहेत, त्यामुळं 'बरी झाली' असं मी इथं कुठंही म्हणणार नाही. औषधांची नावंही मिळणार नाहीत. ती तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कावीळ

सुरुवात थकव्यानं झाली. जिना चढताना तनू मधेच पायरीवर बसायची. मी म्हणायचो, मोबाइल कमी कर, सगळं ठीक होईल. मग तिच्या नडग्यांवर निळे डाग दिसायला लागले. माझी बायको वैशाली म्हणाली, "अहो, ही कुठं पडली नाही, आपटली नाही, मग हे वळ कशाचे?" सोसायटीखालच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. त्यांनी रिपोर्ट बघितला. पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या. उद्यावर टाकू नका."

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. तनू बाहेर बाकावर वेफर्स खात बसली होती. दाराच्या काचेतून तिचे हलणारे पाय मला दिसत होते. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि त्यानंतरचं मला काही ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलताना दिसत होते. "उपचार आहेत," असं ते मधूनमधून म्हणत होते, एवढं वैशालीनं नंतर सांगितलं.

दार उघडायच्या आधीच मी वैशालीला दम भरला. "डोळे पूस. पोरीला कळता कामा नये. नुसत्या नावानं खचेल ती."

"मग काय सांगायचं तिला?"

"कावीळ झालीय म्हणून सांगायचं."

झालं. सातारला आईला फोन केला, कावीळ. तनूच्या मामामामींना कावीळ, शाळेत कावीळ, सोसायटीत कावीळ. डोळे पिवळे नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि लोक शहाणपणानं गप्प बसले असतील.

रुबिना मॅडम पहिल्याच आठवड्यात भेटायला आल्या तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटलं, "चित्रं काढा, गोष्टी सांगा, पत्ते खेळा. आजाराचं नाव काढायचं नाही."

"ठीक आहे बाबा. मी आपणहून विषय काढणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटं पण बोलणार नाही."

"ती नाही विचारणार," मी म्हणालो. आणि खरंच, तिनं कधी विचारलं नाही. मला वाटलं, बघा, आपलं बरोबर चाललंय.

रुमाल

इथं माझ्या धंद्याबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर विक्री बघतो. उघड लिलावाचे नियम कितीही झाले तरी हापूसच्या सीझनला आमच्याकडे रुमाल निघतोच. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. भोवती माणसांची ही गर्दी असते, पण पेटी कितीला गेली ते कुणाला कळत नाही. तोंडानं भलतंच चालू असतं. "काय शेठ, मुलीचं लग्न जमलं का? गावाला कधी निघणार?" माझी अर्धी जिंदगी त्या रुमालाखाली गेलीय.

तनू लहान असताना मी तिला हा खेळ शिकवला होता. सुट्टीच्या दिवशी ती माझ्या हातावर टॉवेल टाकायची आणि आम्ही बिस्किटांचा सौदा करायचो. बोट सापडलं की ओरडायची, "चार! चार!" मी म्हणायचो, "येडे, बोंब मारायची नाही. आणि टॉवेलकडं काय बघते? तिथं काही दिसत नसतं. समोरच्याच्या तोंडाकडं बघ. भाव तिथं दिसतो."

हे मी स्वतः तिला शिकवलं होतं, आणि साफ विसरलो होतो.

केमो सुरू झाल्यावर डॉक्टरांनी एक गोष्ट आम्हाला बजावून सांगितली. या मुलांच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद उरत नाही, म्हणून ताप शंभराच्या वर दिसला की घरी थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. आता ताप वैशाली बघणार, गाडीची सोय मी करणार, आणि तनू तर समोरच बसलेली. बोलायचं कसं? मी डोकं चालवलं. वैशालीनं माझ्या हातावर नॅपकिन टाकायचा. एक बोट म्हणजे एकशे एक, दोन बोटं म्हणजे एकशे दोन. तोंडानं ती म्हणायची, "नॉर्मल आहे गं राणी." मी म्हणायचो, "चला, डॉक्टरकाकांना सहज भेटून येऊ."

सहज! तिथं पोचलं की सुई, सलाइन, आणि मुक्काम. वैशाली बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. मी पार्किंगमध्ये जाऊन कुणाच्या तरी अंगावर जायचो, एकदा तर तिथल्या वॉचमनशी हाणामारीपर्यंत गेलं. परत वर आलो की आम्ही दोघं हसतमुख. नाटक कंपनी काढली असती तर बरी चालली असती.

"मी मोठी झाले"

वॉर्डाची एक सवय लागते. सकाळी रक्त काढणारी सिस्टर, मग डॉक्टरांचा राउंड, मग रिपोर्टची वाट. केस गेले तेव्हा मला वाटलं होतं तनू रडेल, पण तिथं सगळीच मुलं तुळतुळीत डोक्याची, त्यामुळं तिनं आरशात बघितलं आणि "मी पप्पांसारखी दिसते" म्हणाली. मला टक्कल आहे. त्या दिवशी मी बऱ्याच आठवड्यांनी खरोखरचा हसलो. शेजारच्या कॉटवरची आई रोज डब्यात एक भाकरी जास्त आणायची आणि काही न बोलता वैशालीच्या हातात ठेवायची. अशा माणसांवरच दिवस निघतात.

दोन केमोंच्या मधल्या सुट्टीत घरी आलो, आणि तनू म्हणाली, "थर्मामीटर आता मीच लावणार. मी मोठी झाले." आम्हाला कौतुक वाटलं. ती खिडकीकडं तोंड करून बसायची, काखेत थर्मामीटर धरायची, पीप वाजलं की स्वतःच आकडा सांगायची. रोज नॉर्मल. वैशाली देवापुढं साखर ठेवायला लागली.

बाजार पहाटेचा, त्यामुळं दुपारी मी घरीच असतो. एका दुपारी, ऐन उकाड्यात, तनू चादर ओढून झोपली होती. "पप्पा, पंखा बंद करा ना." पंखा बंदच होता. मी जवळ गेलो तर तिचे दात वाजत होते. कपाळाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तव्याला लागावा तसा.

"तनू! ताप बघितला होतास ना?"

"नॉर्मल आहे, पप्पा."

आमचंच वाक्य, आमच्याच सुरात. वैशाली धावत आली, थर्मामीटर परत लावायला सांगितला आणि पोरीचा हात उचलला, तर तो काखेत नव्हताच. फ्रॉकच्या वरून, बाहीच्या कापडावर नुसता दंडाखाली धरलेला. कितीतरी दिवस ती असाच धरत होती.

खाली रिक्षा मिळाली. उरण फाट्याला कंटेनरची ही मोठी रांग, रिक्षा जागची हलेना. मी उतरून रस्त्यात हात जोडत होतो, शिव्या देत होतो, दोन्ही एकदमच. परत येऊन बसलो तेव्हा वैशालीनं खरा ताप बघितला होता. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, तिनं ओढणी माझ्या हातावर टाकली आणि बोटं दाबली.

तनूनं डोळे उघडले. ओढणीकडं नाही, सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तीन ना?" ती म्हणाली.

तीनच होती. वैशालीनं माझा हात सोडून दिला.

"तुमचा रुमाल बाजारात ठेवून या"

रक्तात जंतू पसरले होते. प्रेशर खाली गेलं. तिला आयसीयूत नेलं आणि दार बंद झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ताप कधीपासून आहे?" आम्हाला सांगता आलं नाही. पोरीच्या आईबापांना पोरीचा ताप माहीत नाही. त्यांनी आमच्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती अजून आठवते, आणि त्यांची चूक नव्हती.

किती वेळ आम्ही त्या दारासमोर बसलो ते मला सांगता येणार नाही. वैशाली माझ्यापासून लांबच्या खुर्चीवर बसली होती. शेवटी ती उठून समोर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ही वाचली ना, तर तुमचा तो रुमाल बाजारात ठेवून या. माझ्या घरात नको." लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्याशी अशी बोलली.

तनू त्यातून बाहेर आली. तिला एकटीच्या खोलीत हलवलं. पण धोका संपला नव्हता, आणि त्यात ती सिस्टरना धड काही सांगेना. कुठं दुखतंय? कुठंच नाही. गिळताना त्रास होतो? नाही. सिस्टर थर्मामीटर लावायला गेल्या की हात सैल सोडायची. डॉक्टर मला म्हणाले, "या मुलांच्या बाबतीत पहिली खबर मूलच देतं. हिनं लपवलं तर आम्ही उशिराच पोचणार. एकदा निभावलं. दर वेळी निभावेल याची खात्री मी देणार नाही."

म्हणजे पोरीचा जीव आता पोरीच्याच खरं बोलण्यावर होता. आणि तिला खोटं बोलायला शिकवणारे आम्ही.

रुबिना मॅडम तिच्याजवळ बराच वेळ बसून बाहेर आल्या. म्हणाल्या, "तिला वाटतं, ताप हाच आजार आहे. ताप दिसला की तुम्ही दोघं हात झाकता, मग मम्मी बाथरूममध्ये जाते, पप्पा कुणाशी तरी भांडून येतात. ताप दिसलाच नाही तर हे काही होणार नाही. असा साधा हिशेब आहे तिचा."

माझं डोकंच फिरलं. "मग काय, सांगू तिला कॅन्सर झालाय म्हणून? मरायला टेकलीय पोर, तिला वर हे सांगू? तुम्हाला मुलं आहेत का, मॅडम?"

"एक मुलगा आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाबा, ओरडा तुम्ही, मला चालतं. पण उद्या तिला परत ताप आला तर ती कुणाला सांगणार, तेवढं मला सांगा."

वैशाली उभी राहिली, मास्क लावला आणि म्हणाली, "तुम्ही येताय का मी एकटी जाऊ?"

खोलीत

आम्ही दोघं आणि रुबिना मॅडम, तिघंही आत गेलो. तनू उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, डोळे मोठे झालेले. मी स्टूल ओढलं. बाजारात मी कुणालाही बोलण्यात हरवू शकतो, पण तिथं मी शाळेतल्या मास्तरसारखा सुरू झालो. म्हटलं, "बाळा, तुझ्या रक्तात ना, काही पेशी अशा आहेत की त्या... म्हणजे चांगल्या पेशी असतात आणि..."

"कॅन्सर ना?" तनू म्हणाली.

वैशालीच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितीये, पप्पा. वॉर्डातली मुलं बोलतात. तुम्हाला माहीत नाही असं मला आधी वाटलं होतं." मग थांबून म्हणाली, "मग एकदा तुम्ही आजीला फोनवर परत कावीळ सांगत होता, तेव्हा तुमच्या तोंडाकडं बघून मला कळलं तुम्हाला माहितीये."

इतके महिने ती हे एकटीनं घेऊन झोपत होती. आम्ही तिच्यासाठी लपवत होतो आणि ती आमच्यासाठी. मी तिचा हात धरला, पण ती अजून माझ्याकडं बघत नव्हती. चादरीचा काठ चुरगाळत होती.

"आंब्यानं झाला का?" तिनं विचारलं.

"काय?"

"मामी मम्मीला म्हणाली होती, बाजारातले आंबे पावडर टाकून पिकवतात, त्यानं कॅन्सर होतो. मी तुम्ही आणलेले खूप खाल्ले ना. म्हणून मी विचारलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

काय सांगू. वीसेक पेट्या एकावर एक अंगावर कोसळाव्यात तसं झालं मला. मी रडलो, सरळ तिच्यासमोर, मास्क ओला होईपर्यंत. रुबिना मॅडम पुढं झाल्या आणि कॉटच्या कडेशी बसल्या. "तनू, आंब्यानं नाही झाला. तू काही खाल्लंस म्हणून नाही, काही केलंस म्हणून नाही. पप्पांच्या चुकीनं नाही, मम्मीच्याही नाही. हा का होतो ते बऱ्याचदा डॉक्टरांना पण सांगता येत नाही. आणि तो तुझ्यापासून कुणाला लागत पण नाही."

"नक्की?"

"नक्की. मी तुझ्याशी कधी खोटं बोललेय?"

तनूनं 'नाही' अशी मान हलवली. वैशालीनं मग तापाचं सांगितलं. ताप हा शत्रू नाही, तो हाक मारतो, आणि ती हाक आम्हाला ऐकू आली तर आम्ही वेळेवर धावू. आम्ही रडू, भांडूसुद्धा, पण ते तुझ्यावर रागावून नाही. मी एवढं चांगलं बोलू शकलो नसतो.

तनू ऐकत होती. मग तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"पप्पा, मी बरी होणार का?"

"होणारच! म्हणजे काय! एकदम ठणठणीत..."

ती फक्त माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिथं तिला काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण बघायला मीच शिकवलं होतं.

तिनं चादरीचा काठ उचलला, माझ्या हातावर टाकला आणि आत स्वतःचा हात सरकवला. सुया टोचून टोचून काळानिळा झालेला, एवढासा हात.

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं असेल ना. दहातली किती मुलं बरी होतात? खरा आकडा सांगा. मोठ्यानं नको."

मी वैशालीकडं बघितलं. तिनं मान डोलावली, सांगा म्हणून. रुबिना मॅडम खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

रुमालाखाली मी आयुष्यभर लोकांना वर चढवलं, खाली पाडलं. त्या दिवशी एका बोटाचीही लबाडी केली नाही. डॉक्टरांनी जेवढं सांगितलं होतं तेवढीच बोटं दाबली. किती, ते इथं लिहिणार नाही. प्रत्येक मुलाचा आकडा वेगळा असतो, आणि हा आमच्या दोघांतला आहे.

तनूनं थोडा विचार केला. मग तिनं माझा हात फिरवून धरला, माझी तेवढीच बोटं मोजून दाबली, आणि आणखी एक दाबलं.

मी घासाघीस केली नाही. तिचा हात घट्ट धरला, सौदा पक्का झाल्यावर धरतात तसा.

तिनं चादर बाजूला केली. दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरना म्हणाली, "मला परत गरम वाटतंय. आणि गिळताना दुखतं, कालपासून." मग आपणहून हात वर केला आणि थर्मामीटर लावल्यावर काख गच्च दाबून धरली. पीप वाजलं. सिस्टरनी तो काढून आधी माझ्याकडं दिला.

मी आकडा मोठ्यानं वाचला.